चौथ्या खांबाचा खड्डा

"भोपळेकाका, चौथ्या खांबाजवळचा खड्डा कुठे गेला?" ठोसरबाईंनी विचारलं.

"सपाट केला ना, बाई. संचालकसाहेब पाहणीला यायचेत, म्हटलं जरा बरं दिसावं," काका फळी पुसत म्हणाले.

बाई धावत जाऊन वाळू बघू लागल्या. प्रयोगशाळेतल्या काचेच्या लांब पन्हाळीतली ती वाळू म्हणजे चाळीस किलोमीटरवरच्या, पूर आलेल्या नदीच्या तळाची हुबेहूब नक्कल होती. लेझर दर तीन मिनिटांनी ती मोजायचा, आणि खांबाशी खड्डा दिसला, म्हणजे पाया उघडा पडला, की तिकडे पुलाचं फाटक आपोआप पडायचं. मानवी चूक टाळण्यासाठी फाटकाचं हाताने दाबायचं बटण दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं.

फोन वाजला. "ठोसर, पूल उघडलाय! पाच मिनिटांत पुलावर असू," साहेब खुशीत होते.

"साहेब, पुलावर जाऊ नका!" बाई ओरडल्या, पण फोन कटला होता. परत लागेना.

"काका, चमचा!"

चहाच्या चमच्यांनी दोघं आठवेल तसा खड्डा उकरू लागले.

"अजून खोल होता हो," काका घामाघूम होऊन म्हणाले.

लेझरची हिरवी रेघ सरकत आली, तसे दोघांनी हात बाहेर ओढले. पुलावरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर फाटक पडताना दिसलं. साहेबांची गाडी फाटकाच्या अलीकडेच अडली होती.

साहेब घाटातून वळसा घालून तीन तासांनी पोचले. पन्हाळीत वाकून बघताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा काय पसारा? फोटोपुरतं तरी सपाट करून घ्या."

काकांनी फळी उचलली आणि अदबीने विचारलं, "साहेब, परत कोणत्या रस्त्याने जाणार?"