जास्तीचा अर्धा इंच

शिंप्याने मास्कच्या आत मान हळूच डावीकडे झुकवली. तेवढ्यात किरणांच्या मशीनवरच्या मुलीचं बोट जाळीच्या डाव्या कडेखाली शिरलं आणि अडकलं.

“घट्ट आहे ना काका?”

मास्कमधून बोलता येत नाही. त्याने अंगठा वर केला. मुलगी बाहेर गेली, जाड दार लागलं आणि तो त्या कडक फळीवर एकटा राहिला.

मास्क चार आठवड्यांपूर्वी त्याच्या अंगावरच बेतला होता. गरम पाण्यातून काढलेला मऊ प्लास्टिकचा जाळीदार तक्ता कपाळापासून खांद्यापर्यंत दाबून बसवला. गार झाल्यावर तो कडक झाला. गळ्यातल्या गाठीवर किरण रोज त्याच जागी पडावेत, मान तसूभरही हलू नये, म्हणून हा खटाटोप. शिंपी तेव्हा खूश झाला होता. चाळीस वर्षं त्याने लोकांचे कोट शिवले, पण पहिल्याच फटक्यात असं फिटिंग त्याला कधी जमलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ते फिटिंग सैल लागायला लागलं. गिळताना गळा सोलून निघायचा. पोटात जायचं ते पातळ, तेही चमच्याने. तेव्हा अंग उतरणार हे त्याने धरलेलंच होतं. कोडं वेगळंच होतं. मास्क उजवीकडे थोडा सैल होता आणि डावीकडे बराच.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी आरशासमोर टेप घेऊन उभा राहू लागला. कंठापासून मागच्या मणक्यापर्यंत, आधी उजवी बाजू, मग डावी. आकडे वहीत लिहायचे. दहा दिवसांत उजवीकडे पाव इंच गेला. डावीकडे पाऊण.

“अहो, रोज रोज माप कसलं घेताय? नवा सूट शिवताय की काय?” बायकोने विचारलं.

“माणूस एकाच बाजूने बारीक होतो का गं?”

“तुमचं काही सांगता येत नाही. तुम्ही आयुष्यभर जगाच्या उलटच चाललात.”

तो हसला, पण टेप काही खाली ठेवली नाही. हजारो गिऱ्हाइकं त्याच्या हाताखालून गेली होती. सुटलेली, वाळलेली, पुन्हा सुटलेली. सगळी दोन्ही बाजूंनी सारखी. आणि गाठ डावीकडेच होती, आत खोल, हाताला न लागणारी. विचार करकरून त्याला एकच उत्तर सुचलं. आजार डावीकडून खात सुटलाय.

हे दवाखान्यात सांगायची सोय नव्हती. बाहेरच्या बाकावर रोज त्याच्या शेजारी एक मास्तर बसायचे. त्यांचा मास्क सैल झाला, त्यांनी तसं सांगितलं, आणि त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. त्यानंतर मास्तर बाकावर दिसले नाहीत.

वाकड्या खांद्याची गिऱ्हाइकं कोट घालून बघताना तिरकी उभी राहतात, म्हणजे कोट अंगावर बसल्यासारखा दिसतो. शिंपी त्यांना दटावायचा, “सरळ उभे राहा, मला फसवून तुमचाच कोट बिघडेल.” आता गेले पाच दिवस तो स्वतः तेच करत होता.

सोमवारी मशीनवर मानेच्या आतलं आठवड्याचं चित्र काढायचे. या सोमवारी चित्र निघालं, पण किरण सुरूच झाले नाहीत. दार उघडलं, मुलीने मास्क काढला आणि ती म्हणाली, “काका, डॉक्टरांनी आत बोलावलंय. बाहेर बसलेल्या काकूंनाही.”

डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

“मान तिरकी का ठेवता?”

शिंपी खिशातली वही चाचपत राहिला.

“अहो, त्या काय विचारतायत?” बायको म्हणाली.

मग त्याने सगळं सांगितलं. वही काढून टेबलावर ठेवली. “मास्क सैल झालाय म्हटलं तर बंद कराल. मास्तरांचं केलंत तसं.”

“मास्तरांचं कुठे बंद केलं? नवा मास्क करून दिला. ते आता दुपारी येतात. तुम्ही दिसत नाही म्हणून ते आम्हाला विचारत असतात, शिंपी जिवंत आहे ना?”

बायकोने तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, तिलाच ठाऊक.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. “ही उजवीकडची लाळेची ग्रंथी. ही आम्ही किरणांपासून वाचवून ठेवली होती. तुम्ही बारीक झालात तशी ती आत सरकली. त्यात मान डावीकडे झुकवून तुम्ही तिला किरणांच्या आणखी जवळ नेलंत. असंच चाललं असतं तर तोंड कायमचं कोरडं पडलं असतं.”

“आणि हे पाच दिवस?”

“ते भरून काढू. उद्या नवं माप, नवा मास्क, दोन दिवसांत पुन्हा सुरू. पण यापुढे सैल वाटलं की आधी मला सांगायचं.”

शिंप्याने मान डोलावली. तरी तो उठला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, “माझं माप चुकत नाही, डॉक्टर. पाव इंच अंग उतरलं, मान्य. मग डावीकडचा हा जास्तीचा अर्धा इंच कोणी खाल्ला?”

डॉक्टरांनी वही ओढून घेतली, आकडे पाहिले, पडद्याशी ताडून पाहिले. मग पहिल्या दिवसाचं चित्र आजच्या चित्राशेजारी लावलं. पहिल्यात डावीकडे कोटाच्या बटणाएवढा गोल डाग होता. दुसऱ्यात तो शर्टाच्या बटणाएवढाही नव्हता.

“काका, तो अर्धा इंच तुमचा नव्हताच,” त्या म्हणाल्या. “तेवढी गाठ विरघळली.”