घरची म्हैस

जऊळक्याच्या जानरावाच्या गोठ्याचं सांडपाणी शेजारच्या सैफुद्दीनच्या विहिरीत झिरपत होतं. त्यात म्हशींनी दूध सोडावं म्हणून टोचायच्या इंजेक्शनांचा अंश निघाला, तेव्हा जानरावाची मान खाली गेली होती. आज गोठ्यामागे बांधलेल्या नव्या कोळशाच्या टाकीतून गाळून आलेलं नितळ पाणी त्याने ओंजळीत धरून दाखवलं.

“पाहा भाई! आता तुमच्या विहिरीत औषधाचा थेंब नाही यायचा.”

सैफुद्दीनने त्याचे ओले हात घट्ट धरले. “शेजाऱ्यासाठी इतकं कोन करते, जानरावभाऊ? उद्यापासून पिशवीचं दूध बंद. माह्या नातीले तुमच्याच गोठ्यातलं लावतो.”

जानरावाने हात सोडवून घेतले आणि गोठ्याकडे पाहिलं. गोठ्याच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून वेगळी, एक म्हैस बांधलेली होती. तिला पान्ह्याचं इंजेक्शन कधीच टोचलं जात नसे. तिचं दूध फक्त जानरावाच्या घरात जाई.