दुसरी वेलांटी

धारूरच्या रामप्रसाद सुताराचा हिशेब सरळ होता: एक दार कोरायला हाताला आठ दिवस, नव्या सीएनसी राउटरला दोन तास. पडवीत मशीन बसवून त्यानं चाचणीला साधा चौकोन दिला.

फळीवर कोरलं गेलं, 'आरोहि'.

गेल्या साली तापानं गेलेली लेक आपल्या नावाला अशीच पहिली वेलांटी द्यायची.

पण सुताराच्या डोळ्याला चूक खपते कुठं! त्यानं ती भुसा-डिंकाच्या लांबीनं बुजवली आणि पटाशीनं दुसरी वेलांटी कोरली.

"आवं, कावून सुदारलं?" त्याची बायको मंगल कळवळली. "जिती होती तव्हा दहादा लिवायला लावायचे तुमी, ते पुरलं न्हाई?"

मशीन आपोआप सुरू झाली. आरोही. आरोही. रामप्रसादनं वायर उपटली, तरी दहा ओळी होईस्तोवर थांबेना.

दुरुस्तीचं समाधान बापाला मिळालं. दहा ओळी पुन्हा पोरीनंच भरल्या.