कान चांगले

गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलापलीकडून अगदी हळू कुजबुजत चार ठिकाणांची नावं घेतली. “इतवारी. धंतोली. महाल. खापा.” डोमाजीनं त्यांच्याकडे टक लावून बघत चारही बिनचूक सांगितली. डॉक्टरांनी अर्जावर शेरा मारला : कान चांगले, खातं बदलायची गरज नाही.

त्याची बायको जयवंता खवळली. “कायचे चांगले? वीस वर्सं मागांच्या खडखडाटात उभे राहून राहून यायचे कान गेले! परवा पाठीमागून सुताची गाडी आली तं समजलं नाही, पाय तुटता तुटता वाचला!”

“खोटं बोलू नका, बाई. मी नुसतं कुजबुजलो, तेही त्यानं ऐकलं. चला, पुढचा!”

जयवंतानं रागानं तोंडावर पदर दाबला आणि व्हरांडा हादरेल अशी ओरडली, “घराले आग लागली!”

कंपाउंडर हातातली बाटली टाकून धावला. रांगेतली माणसं उठली. डॉक्टरही खुर्चीतून अर्धे उभे राहिले.

ही धावपळ पाहून डोमाजी गोंधळला आणि बायकोवरच चिडला.

“अवं, पदर काढ ना तोंडावरचा! असं आयकू कसं येईन?”