नारळ नामंजूर
परतीचं विमान चुकलं. पण चुकलं नाही, देवाच्या कामासाठी सोडलं असंच समजू. श्रीहर्षच्या बेंगळुरूच्या इंदिरानगर ऑफिसातल्या साहेबांचाही तोच समज आहे. अंदमानात आल्यापासून त्याच्या आईनं पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. निघताना तिनं बेंगळुरूहून आणलेला नारळ समुद्राला वाहिला. म्हणाली, “इथले नारळ समुद्राच्या घरचेच की!” लाटेनं तो परत आणला. “नाकारला? असा टाकून कसं जायचं?” म्हणत आई घोट्यापर्यंत आत शिरली. पुन्हा परत. मग गुडघ्यापर्यंत. सून ओरडली, “अत्ते, टॅक्सी थांबलीय!” “थांबू दे स्वल्प, देवाचं काम आहे.” तेवढ्यात लाटेनं तिला खाली बसवलं. मांडीत नारळ, डोक्यावर शेवाळ आणि आई खदाखदा हसतेय. पुढच्या वेळी तिनं नारळ मुद्दाम जवळच टाकला. श्रीहर्षनं पाहिलं, टॅक्सी परत पाठवली आणि साहेबांना लिहिलं: “समुद्राने नारळ रीतसर स्वीकारेपर्यंत रजा वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.”