माहेरचं बाळंतपण

"तू बाहेरच बस. तुझ्या नवऱ्याबरोबर मी आत जाते," सिस्टर ल्युसिल म्हणाल्या, तेव्हा कुठे प्रतिमाचा जीव भांड्यात पडला.

अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या या ऑफिसात गेलेला माणूस हल्ली परत येईलच असं नव्हतं. प्रसन्नची नोकरी गेली होती, अर्जात एक तारीख चुकली होती, आणि प्रतिमाला सातवा महिना होता. त्याला ठेवून घेतलं, तर परक्या मुलखात ती एकटी पडणार होती. सिस्टर चर्चच्या नन, पन्नास वर्षं हेच करत आल्या होत्या. बेघरांना जेवू घालायचं आणि घाबरलेल्यांचा हात धरायचा. वय एकोणऐंशी, पण बाई खमकी.

"बाळंतपणाला आई येणार?" त्यांनी विचारलं.

"तिचा व्हिसा रिजेक्ट झाला, सिस्टर. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"आमच्यातही!" सिस्टर हसल्या. "आईबाबा दोघं कॅनडातल्या क्वेबेकचे, इथे लोवेलला गिरणीत कामाला. माझ्या वेळी आई आजीकडे गेली आणि मी महिन्याची असताना मला टोपलीत घालून परत आली. घरी फ्रेंच, शाळेत इंग्लिश, अशी वाढले. कॅनडा काही पुन्हा पाहिला नाही."

प्रतिमाला भरून आलं. इतक्या लांब कुणीतरी आपल्यातलं भेटलं होतं.

खिडकीतल्या बाईने एक फॉर्म पुढे सरकवला. सोबत आत जाणाऱ्यांनीही तो भरायचा, असा नवा नियम निघाला होता. सिस्टरना बारीक अक्षर दिसेना.

"द्या, मी भरते," प्रतिमा म्हणाली. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ती ताकही फुंकून पीत होती. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, तिने प्रत्येक रकाना अचूक भरला. सिस्टरनी न वाचताच सही केली.

दोघं आत गेली. प्रतिमा देव पाण्यात घालून बसली. तास गेला, दोन गेले.

दार उघडलं आणि प्रसन्न बाहेर आला. प्रतिमा पोट सांभाळत उठली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली.

"सोडलं मला. सहा महिन्यांनी परत बोलावलंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"सिस्टर कुठायत?"

"त्यांना आत ठेवून घेतलंय. जन्म इथला नाही आणि सिटिझनशिपचा एकही कागद नाही म्हणे."