कपाटातलं वायफाय

"मुलगा लबाड आहे!" हाजी शौकींनी सोफ्यावरून जाहीर केलं. कुवेतहून व्हिडिओवर बोलणारा होणारा जावई एहाब प्रत्येक प्रश्नाला चार सेकंद थांबून उत्तर देत होता. "'दुसरी बायको करणार नाहीस ना?' याला एवढा विचार? मोडून टाका लग्न!"

हाजींच्या बायकोने घाईघाईने वायफायवाल्या गिरगिसला बोलावलं. तो मोबाइल धरून घरभर फिरला. "सोफ्यावर सिग्नल अगदीच मेलाय. राउटर कुठंय?"

हाजींनी लग्नातल्या चिनी मातीच्या भांड्यांचं आरसेवालं कपाट किल्लीने उघडलं. "कुलूप नको? अख्खा शुब्रा मोहल्ला फुकट सिग्नल ओढतो!"

"अहो हाजी, आरशांमागे कोंडल्यावर तो बाहेर येणार कसा?" गिरगिसने राउटर काढून कपाटावर ठेवला आणि सोफ्यावर पुन्हा मोजलं. "घ्या, उशीर संपला."

खरंच, आता प्रश्न संपायच्या आत एहाब "नाही, नाही, कधीच नाही!" म्हणू लागला. हाजी खूश. मग एहाबने हाजींच्या लेकीला लाजत विचारलं, "रिहाब, तू मनापासून तयार आहेस ना?"

उत्तरच येईना.

"पुन्हा अडकलं बघ तुझं!" हाजी गिरगिसवर खेकसले.

"हाजी, ती तुमच्या शेजारीच बसलीय."